डावीकडचा सुळका

९ जानेवारी

बेबी,

वहिनीचा आशीर्वाद. तू कधी मागत नाहीस आणि मी द्यायची थांबत नाही, तेव्हा मुकाट्याने घे.

पत्र बघून दचकली असशील. घाबरू नकोस, सगळे जागच्या जागी आहोत. फोन न करता पत्र का, तर घरातला फोन ह्यांच्या उशाशी असतो आणि माझा मोबाईल वाजला की माझ्याआधी हेच उचलतात. आता दिवसभर घरात बसून दुसरं काय करणार? म्हणून कारखान्यात कापणीच्या टेबलावर बसून लिहितेय. समोर शाळेच्या गणवेशाच्या निळ्या कापडाचा ढीग आहे, पोरींना वाटतंय मी मापं टिपतेय. उत्तरही कारखान्याच्याच पत्त्यावर पाठव.

विचारायचं ते एवढंच. तुमच्या खाडीत ती खडकांची सफर म्हणून लाँच फिरवतात, ती बघण्यासारखी आहे का?

हसू नकोस. तुझ्या दादाने स्टुडिओतला तो मोठा पडदा रंगवला, त्याला आता आमचं लग्न झालं तेव्हापासूनची सगळी वर्षं झाली. गावातल्या निम्म्या संसारांचा पहिला फोटो त्या खडकांपुढे काढलेला आहे. तुझासुद्धा. सुळका, कमान, मधलं हिरवं पाणी, सगळं ह्यांच्या हातचं. आणि ह्यांनी ती खाडी एकदाही पाहिलेली नाही. कुणीतरी दिलेल्या एका स्लाइडवरून काढलेलं चित्र ते. दर वर्षी म्हणायचे, जाऊ, बेबी तिथेच तर राहते, पळून थोडीच जाणार आहे खाडी.

खाडी नाही पळाली. ह्यांचे डोळे निघालेत. उजव्या डोळ्याच्या मधलं आता काहीच दिसत नाही, नुसती कड दिसते. रेटिनाचं दुखणं आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की डावाही त्याच वाटेला लागलाय, उन्हाळा निघेल की नाही सांगता येत नाही. सुया चालू आहेत, पण त्यांनी जाणारं थोडं हळू जाईल इतकंच. ह्यांना ठाऊक आहे, पण बोलून दाखवणार नाहीत. पेपर उलगडून बसतात आणि मी आत गेले की खाली ठेवतात.

मला वाटतं, डोळे जायच्या आधी त्यांनी ते खडक बघावेत. पण प्रवास लांबचा, मला रजा मिळणार एकदाच, आणि हे म्हणतात, त्यात काय बघायचंय, मला तोंडपाठ आहे. म्हणजे एवढ्या लांब नेऊन ती सफर जर नुसती जाहिरात निघाली तर माझी धडगत नाही. शिवाय हीच एक खेप आहे, बेबी. वाया गेली तर दुसरी नाही. तेव्हा खरं सांग. तुला खोटं बोलायला जमत नाही म्हणून तुला विचारतेय.

मी लिहिलंय हे दादाला कळता कामा नये.

तुझी,
वहिनी


१८ जानेवारी

वहिनी,

पत्र इस्त्रीच्या टेबलावर वाचलं आणि एका चादरीवर डाग पाडून घेतला. डोळ्यांचं इतकं झालंय आणि दादा फोनवर मला म्हणतो, चष्म्याचा नंबर वाढलाय! त्याच्याशी भांडायला हवं, पण तू तोंडाला कुलूप घातलंस, तेव्हा गप्प बसते.

आता तुझ्या प्रश्नाचं. ऐकून कपाळावर हात मारशील, पण मी त्या लाँचवर कधीच गेलेले नाही. ज्या हॉटेलात मी इस्त्रीला आहे त्याच्या खिडकीतून धक्का दिसतो, लाँच सुटताना दिसते, परत येताना दिसते. खडक दिसत नाहीत, ते टेकाडाच्या पलीकडे. इथे राहणारं कुणीच जात नाही. ते पाहुण्यांनी करायचं काम, अशी आमच्याकडे समजूत आहे.

तरी मी चौकशी केली. आमच्या मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, अविस्मरणीय. हे ते रोज सगळ्यांना सांगतात, त्यात पोहण्याचा तलावही येतो, ज्यात गेलं वर्षभर पाणी नाही. हमाल म्हणाला, पाहुणे परत येतात ते एक तर लाल होऊन नाही तर हिरवे होऊन. खोल्या साफ करणारी म्हणाली, तिच्या नवऱ्याने तिला लग्नानंतर नेलं होतं आणि तिला फक्त पुढच्या बाईची टोपी आठवते. एक म्हातारे पाहुणे आहेत, दर वर्षी येतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, मी खडकांपुढे काहीच बोलत नाही. याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलं नाही.

तेव्हा दुसऱ्याच्या सांगण्यावर तुझी एकुलती एक खेप लावायची नाही. येत्या सुट्टीच्या दिवशी मी स्वतः जाते. आणि नुसती जाणार नाही. माझा एक जुना चष्मा आहे, त्याच्या दोन्ही काचांच्या मधोमध काळी पट्टी गोल कापून चिकटवणार आहे. दादाला जेवढं दिसेल तेवढंच मलाही दिसेल. मग सांगते बघण्यासारखं आहे की नाही.

चादरीचा डाग निघाला.

बेबी


३ फेब्रुवारी

वहिनी,

जाऊन आले. येऊ नका.

गर्दी फार असते. कर्णा सारखा कानाशी वाजतो. धक्क्याच्या पायऱ्या निसरड्या आहेत आणि त्याला धरायला काही नाही. हवाही धूसर होती. एवढ्या लांब येण्यासारखं त्यात काही नाही.

तिथेच जवळ कुठेतरी छानशा बागेत न्या त्याला. तब्येतीला जपा.

बेबी


११ फेब्रुवारी

बेबी,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीस म्हण.

मागच्या खेपेला हमाल, मॅनेजर, टोपीवाली, सगळ्यांना पंक्तीला बसवलंस. या खेपेला चार ओळींत आटोपलंस. चष्म्याचं काय झालं, एक अक्षर नाही. मी काय आज ओळखते तुला? तुला काही लपवायचं असलं की तू अशीच तुटक बोलतेस आणि शेवटी तब्येतीला जपा म्हणतेस.

मग मी अंदाज बांधला. तुझ्या दोन खोल्या आहेत. नोकरी दमवणारी आहे. त्यात भाऊ असा झालेला, त्याला हाताला धरून न्यायचं, ताटातलं दाखवायचं. तुला ते नको असेल तर तसं लिही. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण बोलणार नाही. आम्ही धक्क्याजवळ कुठेतरी खोली घेऊन राहू आणि तुला कळवणारही नाही. पण निसरड्या पायऱ्या मला सांगू नकोस. या माणसाने आयुष्यभर शिडीवर उभं राहून पडदे रंगवलेत.

काल ह्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला. ओतत राहिले. मी पुसून घेतलं. संध्याकाळी स्वतःहून स्टुडिओत गेले, मालकाशी गप्पा मारायला म्हणून. मालकांनी मला नंतर सांगितलं की हे पडद्यासमोर स्टूल घेऊन बसले होते आणि मान वाकडी करून करून बघत होते.

म्हणून विचारतेय. येऊ नका म्हणजे का येऊ नका?

वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

माझ्या खोल्या दोन असोत नाही तर अर्धी असो, माझ्या भावाला त्यात जागा नाही असं तू लिहिलंस, हे मी तुला या जन्मी विसरू देणार नाही. आता खरं ऐक.

लाँचवर बसले. कठड्याजवळ जागा मिळाली. चष्मा चढवला. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं की ऑपरेशन झालंय का, मी म्हटलं होणार आहे, कारण दुसरं काय सांगणार? पहिल्यांदा तर काही म्हणता काही दिसेना. जिकडे बघावं तिथे काळा ठिपका. कर्णा सांगतोय, डावीकडे पाहा, आणि पाहिलं की डावीकडचं नाहीसं. मग जमायला लागलं. बघायचं असेल त्याच्या जरा बाजूला नजर ठेवायची, मान तिरपी करून. की ते कडेने आत येतं. टेकाड वळलो आणि तसेच ते खडक आले. वहिनी, फार सुंदर आहेत. दादाने पाण्याला जो हिरवा दिलाय ना, ज्याला सगळे म्हणायचे की असं पाणी कुठे असतं, तसंच आहे पाणी. मला रडू आलं.

आणि मग लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. सुळका उजवीकडे होता. कमान डावीकडे. मला वाटलं चष्म्याची करामत. चष्मा काढला. तरी सुळका उजवीकडेच. माईकवाल्याला विचारलं की आपण दुसऱ्या बाजूने आलो का, तर म्हणाला लाँच रोज अशीच येते.

घरी येऊन माझा फोटो काढला, दादाच्या पडद्यापुढचा. सुळका डावीकडे. माझ्या खांद्यावरून वर जातो तो. दादाने अख्खी खाडी उलटी काढलीय, वहिनी. आरशात बघावी तशी.

तू म्हणशील, इतकी वर्षं तिथे राहतेस, तुला कसं कळलं नाही? आमच्या हॉटेलच्या टॉवेलवर हेच खडक भरतकाम करून काढलेले आहेत. दिवसभर तेच इस्त्री करते. पण भरतकामाला इस्त्री उलट बाजूने करायची असते, नाहीतर धागा चपटा होतो. म्हणजे माझ्यापुढे ते टॉवेल पालथेच येतात, आणि पालथा टॉवेल हुबेहूब दादाच्या पडद्यासारखा दिसतो. मी रोज बघून मनात म्हणायचे, वा, दादाने अगदी बरोबर काढलंय.

आता तूच सांग. हा माणूस दुकानाच्या पाटीवरचा एक काना तिरका आला म्हणून दोन दिवस जेवला नव्हता. त्याच्याजवळ आता अभिमान बाळगायला तो एक पडदा उरलाय. डोळे जाता जाता शेवटची गोष्ट त्याने कुठली बघायची, तर आपण आयुष्यभर चुकलो ही? मला तुझ्याशी खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही लिहायचं नव्हतं. म्हणून चार ओळी लिहिल्या.

अजूनही म्हणते, नको आणूस.

बेबी


२ मार्च

बेबी,

खोल्यांचं बोलले ते मागे घेते. तू विसरू देणार नाहीस ते माहीत आहे, तरी घेते.

तुझं पत्र वाचून मी आधी इतकी हसले की कात्री हातातून सुटली आणि पोरी धावत आल्या. मग मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसले आणि रडले. दोन्ही झाल्यावर डोकं चालायला लागलं, आणि हे कसं झालं असेल ते मला कळलं.

नवीन लग्न झालं होतं, मी डबा घेऊन स्टुडिओत जायचे. ती स्लाइड पडद्याएवढी मोठी करायची तर प्रोजेक्टरचं मशीन लांब ठेवायला हवं. पण पुढच्या बाजूला कॅमेरा आणि दिवे जमिनीला ठोकून बसवलेले, मालक हलवू देईनात. तेव्हा ह्यांनी डोकं लढवलं. मशीन मागच्या बोळात ठेवलं, दार उघडं टाकलं आणि कोऱ्या कापडातून पलीकडून उजेड सोडला. हे पुढून कोळशाने रेघा मारत होते. मला तर जादू वाटली. मालक म्हणाले, काय डोकं आहे! मागून टाकलेलं चित्र पुढून उलटं दिसणार, हे तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

आणि मग आठवलं ते कॅलेंडर. एका वर्षी कुणीतरी तुमच्या खाडीचं कॅलेंडर आणून दिलं होतं. हे बघून म्हणाले, छापखान्यातल्या गाढवांनी फिल्म उलटी लावलीय. घरी आणून ठेवलं, आणि मी ते कपाटाच्या फळीवर अंथरलं. नंतर टीव्हीवर एकदा दिसलं तर म्हणाले, हल्ली सगळीकडे निष्काळजीपणा. बेबी, या माणसाने जगातल्या सगळ्या छापखान्यांना चूक ठरवलं, पण स्वतःवर शंका घेतली नाही. तुझाच भाऊ.

आता निर्णय. आम्ही येतोय.

कारण सांगते. परवा तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाटलं होतं त्यापेक्षा भराभर चाललंय. नक्की किती दिसतंय ते त्यांनाही कळेना, कारण हे तक्त्यावरची अक्षरं पाठ करून म्हणून दाखवतात. मी विचारलं दिसतंय का, की म्हणतात, दिसतं, दिसतं, माझ्या मागे लागू नकोस. मला खरंच कळत नाही त्यांना काय दिसतं. अजून महिना थांबले तर हा प्रश्नच उरणार नाही.

आणि तू म्हणतेस ती भीती मलाही आहे. कदाचित त्यांच्या लक्षात येणारच नाही. आलं तर काय होईल ते बघू. राग येईल, बोलणार नाहीत, जेवणार नाहीत. तसं ते घरीही करतात. पण न बघताच डोळे गेले तर मला माझं तोंड बघवणार नाही.

त्यांना सांगितलंय की बेबीच्या गुडघ्याला त्रास आहे, बघून येऊ. तेव्हा लंगडायचं लक्षात ठेव. वीस तारखेला पोहोचतो. लाँचवर कठड्याजवळची जागा तेवढी बघ, आणि उलट्यासुलट्याबद्दल एक शब्द काढू नकोस.

वहिनी


२९ मार्च

वहिनी,

सुखरूप पोहोचलात हे दादाच्या फोनवरून कळलं. फोनवर तो दोन वाक्यं बोलला आणि ठेवून दिला. त्याआधीही माझ्या घरातून निघताना तो माझ्याशी धड बोलला नाही, म्हणून लिहितेय.

तुमच्याबरोबर लाँचवर यायला हवं होतं. पण सुट्टीचा दिवस, हॉटेल भरलेलं, चादरींचा डोंगर. खिडकीतून लाँच सुटताना पाहिली. तुम्हा दोघांना जागा नीट मिळाली एवढं दिसलं, मग ती टेकाडाआड गेली. परत आली तेव्हा मी दोन टॉवेल जाळले.

संध्याकाळी घरी आले तर दादा भिंतीकडे तोंड करून बसलेला. मी विचारलं कशी झाली सफर, तर म्हणाला, झाली. जेवताना मान वर केली नाही. मधूनच हाताने हवेत काहीतरी रेघा मारत होता. दुसऱ्या दिवशी राहायचं ठरलेलं असताना म्हणाला, निघूया. माझा गुडघा कसा आहे हेसुद्धा विचारलं नाही, आणि मी बिचारी तीन दिवस लंगडतेय! तुझे डोळे सुजलेले होते. दोन खोल्यांत तो कायम शेजारी, तुला एकटीला गाठून विचारता आलं नाही.

मला कळायचं ते कळलं, वहिनी. त्याच्या लक्षात आलं. मी सांगितलं होतं, नको आणूस. राग नाही काढत, पण त्याचा तो चेहरा माझ्यापुढून हलत नाही. आई गेली तेव्हाही तो असा बसला नव्हता. आणि कठड्याजवळची जागा मीच मिळवून दिली, म्हणजे नीट दिसावं म्हणून! मागे कुठेतरी टोपीवाल्या बाईच्या पाठीशी बसला असता तर आज निदान बोलत तरी असता.

जे झालं ते खरं खरं लिही. कितीही वाईट असलं तरी.

बेबी


७ एप्रिल

बेबी,

उत्तराला उशीर झाला, कारण मधे इस्पितळाच्या खेपा झाल्या. त्याचं शेवटी सांगते. आधी लाँचचं.

सुटलो तेव्हापासून हे छान म्हणत होते. पाणी छान, वारा छान. माईकवाला म्हणाला डावीकडे दीपस्तंभ, हे म्हणाले, छान आहे. मला संशय आला. मी म्हटलं, अहो, ती पांढरी पाखरं बघा, किती आहेत. पाखरं कुठेच नव्हती. हे म्हणाले, हो ना, केवढी मोठी.

बेबी, मला कळून चुकलं की ह्यांना काही म्हणजे काही दिसत नाहीये. मला बरं वाटावं म्हणून बसलेत. उशीर झाला. मी त्यांना एवढ्या लांब फरफटत आणलं आणि उशीर झाला. मी पिशवी मांडीवर घेऊन खाली बघत बसले. उलटं नि सुलटं डोक्यातूनच गेलं. ज्याला दिसतच नाही त्याच्यापासून काय लपवायचं?

लाँच वळली. कर्णा मोठा झाला. माणसं उठून उभी राहिली, फोन वर झाले. ह्यांनी मान तिरपी केली, कोंबडी करते तशी, आणि तशीच ठेवली. मग माझा दंड इतका घट्ट धरला की अजून हिरवा आहे.

म्हणाले, "हे उलटं आहे."

  हे उठले, माणसांना बाजूला सारत माईकवाल्यापाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्ही लाँच चुकीच्या बाजूने आणलीत, सुळका डावीकडे हवा. तो बिचारा हात जोडून म्हणाला, काका, सुळका जन्मापासून तिथेच आहे. हे चढले. मी चाळीस वर्षं हे खडक रंगवतोय, मला शिकवतोस? लोक हसायला लागले. मी धावत गेले, त्यांचा हात धरला आणि विचारलं, सुळका कुठे दिसतोय तुम्हाला?

त्यांनी हात उचलला आणि नेमका दाखवला. अगदी टोकाला बोट.

"तो काय, तिथे. मी काय आंधळा आहे?"

बेबी, मी तिथेच त्यांच्या गळ्यात पडले. भर गर्दीत, या वयात. ज्या गोष्टीला आपण दोघी महिनाभर घाबरत होतो, ती ऐकून मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या लग्नातही झाला नव्हता. ह्यांना वाटलं मी लाजेने रडतेय, म्हणून आणखी भडकले. मी त्यांना ओरडू दिलं. माझे डोळे सुजले होते ते त्याने.

आणि हे भिंतीकडे तोंड करून बसले होते, ते दुःख नव्हतं. निदान नुसतं दुःख नव्हतं. ते आठवत होते. परतीच्या गाडीत मध्येच म्हणाले, बोळ. मी म्हटलं, काय बोळ? म्हणाले, मशीन बोळात ठेवलं होतं, मागून. हवेत रेघा मारत होते ते तेच जुळवत होते. मग म्हणाले, छापखानेवाल्यांना मी उगाच शिव्या दिल्या.

वाईट वाटलं नाही असं नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, पडदा उतरवूया. हे म्हणाले, राहू दे, पण फोटोला येईल त्याला आधी सांगायचं की हे उलटं आहे. आता स्वतःच तिथे स्टूल टाकून बसतात आणि सांगतात. जुनी माणसं अल्बम घेऊन येतात, त्यांनाही सांगतात, तुमच्या लग्नात सुळका चुकीच्या बाजूला होता. कुणी मनावर घेत नाही. तुझा फोटो आठवला तर म्हणाले, बेबीला मी स्वतः फोनवर सांगेन. तेव्हा तुला धक्का बसल्यासारखं कर. आणि गुडघ्याचं काही विचारलं तर बरा झाला म्हण.

इस्पितळाचं असं, की मागच्या आठवड्यात डाव्या डोळ्याचंही मधलं गेलं. सकाळी उठले आणि मला म्हणाले, तुझा चेहरा गेला. एवढंच म्हणाले. मी त्यांच्यापुढे बसून राहिले. मग बाजूला सरकले, म्हणजे कडेने तरी दिसेन.

तुमच्या हॉटेलात कुणी विचारलं, लाँचची सफर बघण्यासारखी आहे का, तर तू गेली आहेस, तू सांग. मला विचारू नकोस. मी खडक बघितलेच नाहीत. सगळे सुळक्याकडे बघत होते तेव्हा मी ह्यांच्याकडे बघत होते.

तुझी,
वहिनी